सागवानाला वाळवी लागते

गावातल्या दूध संस्थेच्या चेअरमनचा फोन आला तेव्हा मी दुपारची झोपले होते. "मॅडम, आपल्या डेरीतली चार बाकडी सागवानी हायती का न्हाई, तेवढं बगून सांगा," तो म्हणाला. "सागवान असलं तर नीट करून घिऊ. न्हाई तर चुलीत घालू अन् सिमिटाची आणू." मी अंबाजोगाईच्या कॉलेजात तीसएक वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. त्यामुळे झाडाच्या जातीतलं काहीही मला कळतं असा गावाचा समज आहे. तुरीची पानं पिवळी पडली तरी फोन येतो आणि बहुतेक वेळा मला उत्तर येत नाही. हे मात्र येणार होतं. ती बाकडी माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी केली होती. ती सागवानी आहेत की नाहीत, या प्रश्नावर मी वयाच्या पंधराव्या वर्षापासून भांडत आले होते.

तो प्रश्न दुष्काळातला. त्या वर्षी संस्थेच्या आवारात दूध येत नव्हतं, म्हणून तिथे जनावरांची छावणी पडली. माणसं दिवसदिवस जनावरांपाशी बसून राहायची आणि त्यांना बसायला काही नव्हतं. त्याच सुमारास गावची पडकी चावडी उतरवली आणि तिचं लाकूड संस्थेला मिळालं. निजामाच्या काळात आदिलाबादकडून आलेलं ते सागवान होतं. संस्थेनं ते अण्णांच्या हवाली केलं आणि चार मोठी बाकडी करायला सांगितली. अण्णा सुतार, पण त्या वर्षी कोण नांगर करून घेणार? घरी हत्यारं गंजत पडली होती. बाकड्यांचं काम मिळालं तेव्हा आईनं पटाशीला हळदकुंकू लावलं होतं.

अण्णांनी बसायच्या आणि पाठीच्या फळ्या सागवानाच्या घातल्या आणि पाय, खालच्या पट्ट्या बाभळीच्या. झालं. संस्थेच्या सभेत तेव्हाचे सचिव उभे राहिले आणि म्हणाले, "लाकूड चार बाकड्यांपुरतं दिलतं. मंग बाभळ कावून लागली? सुतारानं सागवान गिळलं." अण्णा म्हणाले, "निम्मं वाळवीनं खाल्लतं." त्यावर कुणीतरी हसून विचारलं, "सागवानाला वाळवी लागती व्हय?" सगळी सभा हसली. अण्णा खाली बसले आणि त्या विषयावर मरेपर्यंत पुन्हा बोलले नाहीत. गाव मात्र बोलत राहिलं. पुढे बाकड्यांवर रंग चढत गेले आणि आत काय आहे ते दिसेनासं झालं, तसं सगळीच बाकडी बाभळीची आहेत, असंही लोक सांगू लागले.

माझं उत्तर मला कॉलेजात सापडलं. सागवानाच्या आतल्या, गाभ्याच्या लाकडाला वाळवी सहसा लागत नाही. पण सालीलगतचं जे फिकट, कोवळं लाकूड असतं, ते ती आवडीनं खाते. म्हणजे अण्णा बरोबर होते आणि सभा अडाणी होती. मी हे दर वर्षी वर्गात शिकवलं, गरजेपेक्षा जास्त वेळ घेऊन. फळ्यावर खोडाचं वर्तुळ काढायचं, बाहेरचा पट्टा खडूनं भरायचा आणि म्हणायचं, "लिहून घ्या, सागवानाला वाळवी लागते." मुलांना वाटायचं, हे परीक्षेला येणार. ते कधीच परीक्षेला आलं नाही.

चेअरमनच्या फोननंतर मी गावी गेले आणि चुलत भावाच्या घरी मुक्काम टाकला. बाकडी संस्थेच्या आवारातल्या लिंबाखाली होती. वर निळा रंग, त्याखाली हिरवा, त्याखाली विटकरी. बाहेर ठेवायच्या लाकडाला असा जाड ऑइल पेंट देऊ नये. उन्हानं त्याला चिरा पडतात, चिरांतून पाणी आत जातं आणि वरच्या रंगामुळे ते परत बाहेर येत नाही. एका बाकड्याची पाठीची फळी कुणीतरी कधीतरी काढूनच नेली होती. "सुतारानं गिळलं" म्हणणाऱ्या गावात ही फळी कुणी गिळली, त्याची चौकशी कुणी केली नव्हती. हे मी चेअरमनला ऐकवलं. तो बिचारा तेव्हा जन्मलाही नव्हता.

रंग खरवडायला मी अण्णांचीच रीत वापरली, फुटक्या काचेची. काचेची ताजी धार लाकडाला लावून ओढायची. रंगाची पापडी सुटते आणि लाकडाला खोल ओरखडा पडत नाही. मग बसायच्या फळीच्या टोकाला ब्लेडनं एक स्वच्छ काप घेतला आणि भिंग लावलं. सागवानात दर वर्षाच्या वाढीच्या सुरुवातीला मोठी छिद्रं एका ओळीत येतात, त्यामुळे वर्षावर्षाची वळी नुसत्या डोळ्यांनीही मोजता येतात. बाभळीत छिद्रं सगळीकडे विखुरलेली असतात, लाकूड तांबूस असतं आणि हाताला जड लागतं. एवढं करूनही शंका राहिली तर रंधा मारून भुसा नाकाशी धरायचा. सागवानाला जुन्या चामड्याचा वास येतो आणि बोटांना किंचित तेलकट लागतं. मी वास घेतला आणि उठून उभी राहिले. मला इतका आनंद झाला की भिंग तिथेच बाकड्यावर विसरले.

दोन दिवसांत गावभर झालं. "सागवानच निगालं बगा. अण्णा खरा माणूस व्हता. लोकं उगंच बोलली." ज्यांनी पन्नास वर्षं बोलून घेतलं होतं, तेच आता लोकं-लोकं म्हणत होते. चेअरमननं ठरवलं की बाकडी तयार झाली की छोटा कार्यक्रम घ्यायचा आणि अण्णांच्या नावानं मला शाल-नारळ द्यायचा. ते जुने सचिव अजून होते. नव्वदीला टेकलेले. काठी टेकत रोज यायचे, लिंबाच्या पारावर बसून माझं काम बघायचे. मी त्यांना काका म्हणते. बोलायचे मात्र काही नाहीत. मला त्यांची गंमत वाटत होती. माफी मागायला शब्द जुळवत असतील, असं मी मनाशी धरून चालले होते.

चौथ्या दिवशी मी एक बाकडं उलटं केलं. खालची बाजू धुऊन मी ओल्या फडक्यानं पुसत होते. बोट एका बारीक उंचवट्यावरून गेलं. मग एका वितीवर दुसरा. मग तिसरा. या फळ्या चावडीत असताना त्यांना चौकोनी खिळे ठोकलेले होते. ते काढून अण्णांनी भोकांत बाभळीच्या खुंट्या बसवल्या होत्या आणि खालची बाजू कोण बघतंय म्हणून त्या पुरत्या साफ केल्या नव्हत्या. वितीवितीवर एक खुंटी. माझा हात तिथेच थांबला. ही ओळ मी याआधी बोटानं मोजलेली होती, शेकडो वेळा, आवर्त सारणी पाठ करताना.

माझं टेबल. ते अण्णांनी त्याच दुष्काळात, बाकड्यांनंतर महिन्याभरात केलं. माझ्या वर्गातल्या मुली तेव्हा शाळा सोडून खडी फोडायला जात होत्या, काहींची लग्नं उरकली जात होती. मलाही बघायला पाहुणे आले होते. मुलाच्या मामानं घरात ते टेबल बघितलं आणि विचारलं, "पोरगी काय हापिसात बसायची हाय?" अण्णा म्हणाले, "बसंल की." पाहुणे चहा पिऊन गेले ते परत आले नाहीत. मी मॅट्रिक झाले, अंबाजोगाईला गेले, टेबल एस.टी.च्या टपावर बांधून बरोबर नेलं. त्याच्यावरच शिकले, त्याच्यावरच पुढे उत्तरपत्रिका तपासल्या. त्याला गडद विटकरी रंग होता. चांगल्या लाकडाला रंग फासणाऱ्याला अण्णा शिव्या द्यायचे. स्वतः केलेल्या वस्तूंपैकी रंग त्यांनी फक्त या एका टेबलाला दिला होता.

मी त्याच संध्याकाळच्या गाडीनं अंबाजोगाईला गेले. दिवा लावला आणि टेबलाखाली बसले. खालून त्याला रंगच नव्हता. लाकूड उघडं होतं, सोनेरी तपकिरी. वळी भिंगाशिवाय दिसत होती. खुंट्यांच्या ओळी होत्या. तीन फळ्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग गाभ्याच्या, वाळवीचं एक छिद्र नाही. आयुष्यभर मी पोरांना सांगत आले की लाकूड ओळखायचं तर वरचा रंग बघू नका. माझ्या स्वतःच्या टेबलाखाली मी एकदाही वाकले नव्हते.

मला अण्णांचा राग आला. चोरीचा नाही आला, ते मी लगेच माफ करून टाकलं. राग आला तो वाळवीचा. मला त्यांनी खोटं वाक्य दिलं आणि मी ते चाळीस-चाळीस मुलांच्या वर्गात लिहून घ्यायला लावलं. नीट बघितलं तर तेही पुरतं खोटं नाही. चार बाकड्यांचे पाय आणि पट्ट्या म्हणजे तीन फळ्यांहून खूप जास्त लाकूड होतं. उरलेलं खरंच वाळवीनं खाल्लेलं असेल. मला अजून तसं वाटतं. पण तीन फळ्या खाल्लेल्या नव्हत्या.

आता गप्प बसायला काय हरकत होती? गावानं अण्णांना सोडलं होतं. शाल-नारळ ठरला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं भावानंही सांगितलं, कारण गावी परतल्यावर त्याला मी सगळं सांगितलं होतं. वर म्हणाला, "ताई, सुताराच्या घरात जन्मलीस अन् कुऱ्हाडीचा दांडा व्हायला निघालीस." कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. मला ते लागलं. दोन दिवस मी नुसती बाकड्यांना तेल देत बसले.

तेल करडईचं, घाण्यावरचं. आपल्याकडे पाऊस नसला तरी करडई थोडीफार हाती लागते. जुने लोक हेच तेल उकळून मोटेच्या चामड्याला लावायचे, त्याला रोगण म्हणायचे. बाहेरच्या लाकडाला ते बरं, कारण त्याचा पापुद्रा होत नाही, ते आत मुरतं. फडक्यानं पातळ हात द्यायचा, थोड्या वेळानं वर राहिलेलं पुसून घ्यायचं आणि उन्हात तीन-चार दिवस सुकू द्यायचं. मग बारीक काचपेपर मारून दुसरा हात. घाई केली तर चिकट राहतं. तेलाची चिंधी बोळा करून टाकू नये, ती आपोआप पेटू शकते, पसरून वाळवावी. पहिला हात दिला की सागवान एकदम खुलतं, वळी वर येतात. बाभळीचे पायसुद्धा छान दिसत होते, खरं सांगायचं तर. अण्णांनी त्यांचे सांधे असे बसवले होते की इतक्या वर्षांत एकही हलला नव्हता.

दुसऱ्या हाताच्या दिवशी मी टेम्पोतून टेबल आणलं. चेअरमन होता, पाच-सहा दूध घालणारे होते, पारावर काका होते. मी टेबल लिंबाखाली उलटं ठेवलं आणि पाय सोडवायला लागले.

"कावून मोडता मॅडम? चांगलं हाय की," चेअरमन म्हणाला.

"हे संस्थेचं लाकूड हाय," मी म्हणाले. "चावडीचं. अण्णांनी यातनं माझं टेबल केलं. त्या बाकड्याची पाठीची फळी गेलीय ना, तिथं यातली एक बसंल. उरलेल्या दोन ठेवून घ्या." खुंट्यांच्या ओळी दोन्हीकडे बोटानं दाखवल्या. एकानं बाकड्याखाली हात घालून खुंट्या चाचपून पाहिल्या.

काका काठी टेकत उठले. टेबलाजवळ आले, वाकले, फळीवरून हात फिरवला. नव्वदीचा माणूस वाकला, याची मी नोंद करून ठेवली.

"म्हंजी इकलं न्हवतं," ते म्हणाले. "मला वाटलतं गेवराईच्या बाजारात इकलं आसंल. इतकी वर्सं तेच धरून बसलतो." मग म्हणाले, "पोरीला टेबल पायजे म्हणून तोंडानं मागायचं की सभेत. आमी काय न्हाई म्हणलो आसतो?"

मी फळीचा शेवटचा सांधा सोडवत होते. त्या सभेतलं हसणं मला ऐकू आलं. त्याच सभेत अण्णांनी उठून म्हणायचं होतं की जनावरांना चारा नाही अशा वर्षात माझ्या पोरीला अभ्यासाला सागवानी टेबल द्या. त्यांना माहीत होतं काय झालं असतं. मला आत्ता कळलं.

"तुमी न्हाईच म्हणला असता, काका," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, हो अशी, आणि ते बाकड्यावर बसायला गेले. तेल अजून ओलं होतं. मी त्यांना थांबवलं. काका काठीवर भार देऊन उभे राहिले आणि मी अण्णांची फळी जागेवर बसवेपर्यंत तसेच उभे होते.