जुन्या पार्टचं पोतं

ऑफिसातले किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. मडगार्डखाली चिखल बसतो तसे ते बसत जातात, आणि एक दिवस कोणी ठोकलं की ढेकळं पडायला लागतात. आमचे निम्मे किस्से तर जीपच्या पुढच्या दोन चाकांखालचेच!

आंध्र प्रदेशच्या काळातली गोष्ट. आदिलाबादेत एका सरकारी ऑफिसात मी कारकून होतो. गाडीची फाइल माझ्याकडे; गाडीची आणि स्टोअरची किल्ली एकाच जुडग्यात, तोही माझ्याकडे. गाडी म्हणजे चारही चाकांना जोर असलेली जुनी जीप, आणि ड्रायव्हर म्हणजे शेषरावमामा. सरहद्दीवरच्या गावचे, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेले. रोज सकाळी "जयभीम बाबू" म्हणून माझ्याकडून जुडगा घ्यायचे आणि आधी जीपच्या बॉनेटवर थाप मारायचे.

*

नवे साहेब वरंगलकडचे. पहिल्याच दिवशी निर्मलच्या दौऱ्यावर निघाले, मी मागे. हायवे नाकासमोर सरळ. मामा मात्र स्टेअरिंग अर्धा फेरा डावीकडे, अर्धा फेरा उजवीकडे, ताक घुसळल्यासारखे फिरवत होते. साहेबांनी समोरची दांडी घट्ट धरली.

"मेल्लगा शेषराव, मेल्लगा!" म्हणजे हळू, हळू.

जरा धीर आल्यावर त्यांनी हिंदीत विचारलं, "रोड तो सीधा है, फिर इतना घुमाते क्यों हो?"

मामा समोर बघतच म्हणाले, "रोड सीधा है साब, गाडी नहीं है!"

*

साहेबांना वेळ वाया घालवणं अजिबात खपायचं नाही. चालत्या जीपमध्ये मांडीवर फाइल ठेवून सह्या करायचे. काटा चाळीसच्या पुढे गेला की पुढची चाकं थरथरायची, चाकांबरोबर स्टेअरिंग आणि स्टेअरिंगबरोबर साहेब. महिनाभरात हैदराबादहून पत्रं परत यायला लागली. शेरा एकच: "सही नमुन्याशी जुळत नाही."

साहेबांनी त्याच दिवशी जीपची दुरुस्ती मंजूर केली!

मामा दहा वर्षं अर्ज करत होते. मला म्हणाले, "मानसाचा जीव जाईन म्हनलं तं कोनी आयकलं नाई. सायबाची सही हालली, तं झालं मंजूर!"

*

त्याच आठवड्यात आणखी एक पत्र आलं. पंधरा दिवसांनी इन्स्पेक्टर येणार, जुन्या गाड्या चालवून बघणार, नापास होईल ती लिलावात. गाडी गेली की ड्रायव्हरची जागाही गेली. शेवटची दोन वर्षं मामांनी साहेबांच्या दाराशी स्टुलावर बसायचं आणि बेल वाजली की उठायचं.

मामांनी पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही. मला फार वाईट वाटलं, पण कारकुनाच्या वाईट वाटण्यानं चाक सरळ होत नाही.

*

जीप गुडीहत्नूरला गफूर उस्तादकडे नेली. हायवेला लागून त्यांचं पत्र्याचं शेड. उस्ताद गाडीखाली शिरले, मामांना स्टेअरिंग हलवायला सांगितलं आणि बाहेर येऊन हात पुसत बसले. टाय रॉडचे चारही एंड, म्हणजे स्टेअरिंगचं म्हणणं चाकांपर्यंत पोचवणारे सांधे, पार खुळखुळे झालेले. पाट्यांचे, म्हणजे गाडीखालच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचे, रबरी बुश जवळजवळ नव्हतेच.

"मियां, ये गाडी अब तक मुडती कैसे थी?"

"मुडती नहीं थी," मामा म्हणाले. "मैं मनाता था."

उस्ताद हातोडा घालून सांधे सोडवायला लागले तसे मामा स्वतःचे गुडघे चोळायला लागले. "डाक्टरनं माह्येबी सांधे गेले म्हनून सांगतलं. गाडीचे बदलून राह्यले, माह्ये कवा बदलता बाबू?"

*

आमच्याकडे नियम होता: जुना पार्ट जमा केल्याशिवाय नवा मिळणार नाही. नियम माझा नव्हे, पण पाळायचा मी. मामा खोललेलं सगळं सामान पोत्यात घालून बसनं आदिलाबादला घेऊन आले. मी यादी काढून नग मोजायला लागलो. टाय रॉड एंड चार, बरोबर. बुश मात्र आठाच्या जागी तीन.

"मामा, पाच कमी आहेत. कुठं गेले?"

"निर्मल ते नेरडीगोंडा रस्त्यावर पडून हायत. रबर झिजून झिजून सांडलं. काऊन, जाऊन झाडून आनू का?"

मी "झिजून नष्ट" असा शेरा मारला, पोत्याचं तोंड बांधलं, चिठ्ठी लावली आणि नवे पार्ट दिले.

*

जीप तयार झाली. ट्रायलला मामा स्टेअरिंगवर, उस्ताद शेजारी, मी मागे. आणि काय सांगू! मामांनी सवयीनं अर्धा फेरा फिरवला आणि जीप तडक कपाशीच्या वावरात! बाहेर काढली, पुन्हा अर्धा फेरा, आता रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, ज्वारीत!

उस्तादनी डोक्याला हात लावला. "गाडी सीधी हो गई मियां, अब तुम टेढे हो!"

मामा हसले नाहीत. रोज सकाळी सराव करत होते. इन्स्पेक्टर यायला चार दिवस राहिले तरी जीप एक फर्लांग सरळ जाईना.

*

इन्स्पेक्टर आले. हातात गरम चहाचा ग्लास घेऊनच पुढे बसले. मामा स्टेअरिंगवर. मी ऑफिसच्या पायरीवर उभा राहिलो, कारण बघवणार नव्हतं.

अर्ध्या तासानं जीप परत आली. शर्टावर चहा सांडलेला, पण इन्स्पेक्टर खूश. "ड्रायव्हर एकदम फर्स्ट क्लास! गाडी भी अच्छी है. रोड बहुत खराब है आपके यहां." रिपोर्टवर सही त्यांनी जीपमध्येच, येता येता करून टाकली होती.

आठ दिवसांनी रिपोर्ट हैदराबादहून परत आला. शेरा: "सही नमुन्याशी जुळत नाही."

मी साहेबांची परत आलेली पत्रं काढून तो शेरा ताडून पाहिला. मग कोणाला काही न बोलता हैदराबादला गेलो, इन्स्पेक्टरसमोर टेबलावर कागद ठेवून नवी सही आणली. जीप पास झाली.

परत आल्यावर स्टोअर उघडलं आणि जुन्या पार्टचं पोतं सोडलं. नग मोजले. टाय रॉड एंड चार, बरोबर. चारही नवेकोरे, तेलकागदात गुंडाळलेले.

दारात मामा उभे होते.

"तोंड नीट बांधा बाबू," ते म्हणाले. "दोन वर्सं सोडाचं नाई त्याले."