डाव्या कानामागचा तीळ

मला तेरा वर्षं पूर्ण झाली त्या उन्हाळ्यात माझ्या मेलेल्या बहिणीला नोकरी लागली.

वडील जाऊन चार महिने झाले होते. कसब्यातल्या दोन खोल्यांत आई आणि मी दोघीच उरलो होतो, आणि दम्यामुळे आईला बाहेरचं काम झेपत नव्हतं. हडपसरकडच्या एका औषधाच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं लावायला मुली हव्या होत्या. फाटकावर नियमांची पाटी होती. चौदाच्या आतल्या कुणालाही काम नाही, पंधराच्या आतल्यांना फक्त अर्धा दिवस. पंधरा ते अठरामधल्यांना सरकारी डॉक्टरांचा दाखला हवा, आणि त्या दाखल्याच्या नंबरचा बिल्ला कामावर असेपर्यंत अंगावर हवा. नियम चांगलाच होता. तेव्हा मला त्याचा नुसता राग आला.

माझ्याहून दोन वर्षांनी मोठी बहीण पाचव्या वर्षी लोणी काळभोरला, आजोळी, तापाने गेली. तिथे मृत्यूची नोंद करायचं कुणाला सुचलं नाही. तिच्या जन्माचा कागद मात्र आईच्या ट्रंकेत जपून ठेवलेला होता. "दोनच वर्षं," आई म्हणाली. "तुला पंधरा पूर्ण झाली की तुझ्या नावाचा दाखला काढू. मग रात्रशाळेतही घालते तुला." मी आठवीची पुस्तकं दप्तरात भरली, दप्तर खुंटीला टांगलं आणि दोन वर्षं मोजायला लागले.

डॉक्टर पुण्याचेच होते. त्यांनी माझं तोंड उघडायला लावून दात पाहिले, मनगट दाबलं आणि आईला म्हणाले, "पंधरा म्हणता? मधली एक-दोन वर्षं मुलीला जेवायला घालायचं राहिलेलं दिसतंय." मग त्यांनी ओळखीची खूण विचारली. माझ्या अंगावर तशी कुठलीच खूण नव्हती. "डाव्या कानामागे तीळ आहे, साहेब," आई चटकन म्हणाली. डॉक्टरांनी वेणी बाजूला केली, पाहिलं, आणि लिहून घेतलं.

संध्याकाळी तोंड धुताना कानामागे बोट लागलं आणि ते काळं झालं. सकाळी वेणी घालताना आईने तिथे काजळाची तीट लावली होती. नजर लागू नये म्हणून लहान मुलांना लावतात तशी. मला तर शाळेत जायला लागल्यापासून तिने कधी तीट लावली नव्हती. ते तिने ठरवून केलं की आपसूक हात गेला, मला अजून कळलेलं नाही.

त्यानंतर रोज सकाळी ती तीट लावायला लागली. कुणी तपासलं तर खूण हवी, असं मी मनाशी म्हणत असे. कारखान्यात सगळ्या मला बहिणीच्या नावाने हाक मारत. सवय राहावी म्हणून आईही घरात तेच नाव घ्यायला लागली. डब्यात गवारीची भाजी येऊ लागली. मला गवार अजिबात खपत नाही. "तुला लहानपणापासून आवडते," आई म्हणाली, आणि ते मला सांगताना तिच्या चेहऱ्यावर इतकी माया होती की मी गुपचूप खाल्ली. पुढे पुढे आमच्या शिंपी आळीत कुणी माझ्या खऱ्या नावाने हाक मारली तरी मी वळून बघेना. याची मला खरंच भीती वाटायची.

एक गोष्ट मात्र धीर देणारी होती. खुंटीवरचं दप्तर आई दर आठवड्याला झटकायची. जूनमध्ये तिने पुस्तकांना नवी खाकी कव्हरं घातली, चार वह्या आणल्या. मी कामावरून आले की ओट्यावर एक ताट झाकलेलं असायचं, माझ्या ताटाशिवाय आणखी एक. ते गाईला जात असेल, असं मी धरून चालले. वह्या पाहून मला बरं वाटलं. आईला कबूल केलेलं आठवतंय तर.

मला पंधरा वर्षं पूर्ण झाली त्या सकाळी मी माझ्या जन्माचा कागद स्वतःच ट्रंकेतून काढला. आई काजळाची डबी घेऊन मागे बसली होती.

"आज तीट नको," मी म्हणाले. "आज माझ्या नावाचा दाखला काढायचा. कबूल केलं होतंस तू."

तिचं बोट हवेतच थांबलं.

"हळू बोल," ती म्हणाली. "धाकटी अभ्यासाला बसलीय."

मी आतल्या खोलीत पाहिलं. खिडकीपाशी सतरंजीची घडी घातलेली होती. त्यावर आठवीचं भूगोलाचं पुस्तक उघडं होतं, वहीवर टोक काढलेली पेन्सिल होती, शेजारी दुधाचा पेला. तिथे कुणी नव्हतं. दुधावर साय धरली होती.

"आई, धाकटी मी आहे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

तिने माझ्याकडे जरा रागानेच पाहिलं. "तिला कशाला ओढतेस यात? तेरा वर्षांची आहे ती. एवढ्या लहान पोरीला कुठल्या कायद्याने कामावर घेतील? शाळा शिकू दे तिला." मग तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "तू आहेस ना कमावती."

आतल्या खोलीत वाऱ्याने पुस्तकाचं पान उलटलं. आईने कौतुकाने तिकडे पाहिलं.

मी कागद घडी करून परत ट्रंकेत ठेवला, आणि डावा कान तिच्याकडे केला.