हळदीची चिमूट

एस.टी. डेपोजवळ पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा तो माणूस कधी बसत नसे. मी रोज तिथून जाई, तेव्हा तो चहासुद्धा फेऱ्या घालत पीत असे. "मी बसलो तर काम कोन करंल?" म्हणे.

सातवीत शाळा सोडून कोकणातून इतक्या लांब आलेल्या मला हिंगोलीतल्या एका डॉक्टरांनी दवाखान्यात कामाला ठेवून घेतलं होतं. तिथं माशांच्या टाकीखाली पाणी गाळणारा बंद डबा होता. एकदा मी तो धुतला आणि तेव्हापासून तो गळू लागला. उद्या फरशी ओली दिसली तर दुसरा माणूस बघीन, असं डॉक्टरांनी बजावलं. मी धावत डेपोजवळ जाऊन त्या मोटारवाल्याला आणलं.

"काहून थरथरून राहिला, कोकण्या? मासे तुझे मेव्हणे हायेत का?"

त्यानं डबा कोरडा पुसला, खिशातल्या पुडीतली हळद झाकणाच्या कडेला भुरभुरली, मोटर चालू केली आणि खोलीभर फिरत राहिला. थोड्या वेळानं एका जागी हळद भिजून काळपट झाली. तिथं रबराच्या कड्याखाली रेतीचा कण अडकला होता. त्यानं तो नखावर घेऊन मला दाखवला. धुताना मीच तो राहू दिला होता.

तेवढ्यात डॉक्टर आले. "कुणाची चूक?"

"रेतीची, सायेब," असं म्हणून त्यानं कण टाकीत सोडून दिला. मग डबा माझ्याकडे सरकवला. "आता झाकण तू लाव."

आणि रोग्यांच्या बाकावर जाऊन तो चक्क बसला. त्याला बसलेलं मी तेवढंच एकदा पाहिलं.