चिकूवर झोपणाऱ्या कोंबड्या

बाबा गेल्यानंतर महिन्याभराने, पाचूबंदरहून आमच्या दारावर मासे घेऊन येणारी कोळीण टोपलीत कोंबड्या घेऊन आली. एक कोंबडा आणि चार-पाच तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या.

"वयनी, घरात कायतरी आवाज पायजे. नायतर भिंती खायला उठतील," ती आईला म्हणाली.

"ठेव," आई म्हणाली. "पण मी त्यांचं काही करणार नाही."

आणि तिने खरंच काही केलं नाही. अर्धांगवायूने बाबा कितीतरी वर्षं अंथरुणाला खिळले होते. त्यांना कुशीवर वळवणं, पाठीच्या जखमा पुसणं, नळीतून पेज घालणं, सगळं आईने एकटीने केलं. त्या वर्षांत ती कुणाच्या लग्नालाही गेली नाही. आता तिला कुणाचं उठवणं-बसवणं नको होतं.

तिने खुराडं बांधलं नाही. मी नालासोपाऱ्याहून रविवारी आईकडे जायचे. एकदा कोंबड्यांचं खाद्य नेलं, ती पिशवी तशीच पडून राहिली. परसात पडलेले चिकू, वाळवी, ताटातली शितं, मिळेल ते कोंबड्या खात आणि अंधारायला लागलं की पंख फडफडवत चिकूच्या झाडावर चढत. एखादी बरेच दिवस दिसेनाशी व्हायची आणि केळीच्या बुंध्यामागून पिल्लं घेऊन यायची. त्यातली निम्मी घार आणि मुंगूस न्यायचे.

"अगं, लक्ष ठेव की जरा," मी म्हणायचे.

"घार आली तर मी काय करू? उडू?"

आई दुपारी दार उघडं टाकून झोपायला लागली होती. मला बरं वाटायचं.

गेल्या हिवाळ्याच्या शेवटी तिचा फोन आला. "दोन मेल्या." मी रविवारी पोचले तोवर आणखी तीन गेल्या होत्या. कोंबड्यांची मानमोडीची साथ आली होती. कोळणीच्याही सगळ्या मेल्या होत्या. धुण्याच्या दगडापाशी तांबडी कोंबडी पडली होती. मान पिळवटून तोंड आभाळाकडे, एक पाय ताठ. श्वास चालू होता.

मी तिला मांडीवर घेतलं. कपाटात बाबांची सिरिंज अजून होती, ती आणून चोचीत पाणी सोडायला लागले.

"खाली ठेव तिला," आई म्हणाली.

"तहानलीय गं."

"पाजलंस तर जगेल. आणि जगली तर अशीच जगेल."

"म्हणून मरू द्यायची?" माझा आवाज चढला.

आई धुण्याच्या दगडावर बसली. म्हणाली, "तुझ्या बाबांनी तोंड मिटून घेतलं होतं. चमचा नेला की दात आवळायचे. बोलता येत नव्हतं, पण माझ्याकडे बघायचे. मला कळत होतं. डॉक्टर म्हणाले, नाकातून नळी घालू. मी म्हटलं, घाला. पुढे वर्षभर जगले."

ते वर्ष मला आठवत होतं. तेव्हा मी ऑफिसात सगळ्यांना कौतुकाने सांगायचे, आमची आई बाबांचं किती करते.

"का घाला म्हणालीस?"

"लोक काय म्हणतील म्हणून. तू काय म्हणशील म्हणून."

मी सिरिंज बाजूला ठेवली. आईने कोंबडी माझ्या मांडीवरून उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली. पाणी पाजलं नाही. नुसता पाठीवर हात ठेवून बसली. ऊन उतरायच्या आत कोंबडीचा श्वास थांबला. केळीमागे खड्डा खणून आम्ही तिला पुरलं, वर चुना टाकला. माती आईनेच ओढली.

झाडावर कोंबडा आणि आधीच्या पिल्लांतल्या दोन वाढलेल्या तलंगा उरल्या होत्या. पुढे गुरांच्या दवाखान्यातून त्यांना लस आणू का, म्हणून मी भीतभीतच विचारलं.

"आण की. लसीला माझी कुठे ना आहे?" ती म्हणाली, आणि पुढच्या रविवारी मी एकेकाला धरून डोळ्यात लसीचा थेंब घालत होते तेव्हा आत निघून गेली.

बाबांचा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. मी काढला नाही, तिनेही नाही. ऑफिसात कुणी आईचं विचारलं, तर बरी आहे, एवढंच सांगते.