पाण्यावरून निघालेली बाज

“साहेब, बाज हालून राह्यली,” शामराव म्हणाले.

“बाज नाही, पाणी हलतंय. तुम्ही स्वस्थ पडा.”

“मी पडूनच आहो ना बापा. उभा कुठं होतो?”

दशरथ हसला. मला हसायला सवड नव्हती. सरकारी रबरी बोट, बोटीवर बाज, बाजेवर कमरेपासून टाचेपर्यंत प्लास्टरमध्ये असलेला माणूस, आणि हे सगळं लटांबर ढकलायला एक विजेची मोटर, जिचा आवाज घरच्या मिक्सरपेक्षाही कमी. पलीकडच्या काठावर लग्न होतं. पोरीचा बाप माझ्या बोटीत होता.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी इरिगेशनमध्ये सबइंजिनियर होतो, पोस्टिंग मध्य प्रदेशातल्या सौंसरला. रामाकोन्याच्या बाजूला आमचा एक जलाशय होता, त्याच्या गाळाचा सर्व्हे माझ्याकडे होता. धरणात दरवर्षी गाळ येऊन बसतो आणि पाण्याची जागा खातो. तो किती बसला हे पाहायला एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ रेषेत बोट न्यायची, थांबत थांबत वजन बांधलेली दोरी तळाला सोडायची आणि खोली लिहून घ्यायची. याला आम्ही साउंडिंग म्हणतो. काम सोपं, पण बोट स्थिर पाहिजे. वल्ही मारली की ती डोलते, डिझेल इंजिन लावलं की थरथरते.

म्हणून भोपाळहून ही नवी बोट आली होती. हवा भरलेले दोन लांब रबरी नळे, त्यांना जोडणारी लोखंडी चौकट आणि चौकटीवर फळ्या. असल्या बोटीला पाँटून म्हणतात. मागच्या बाजूला एक दांडा, दांड्याच्या खालच्या टोकाला पाण्यात बुडालेली मोटर आणि पंखा, वर फिरवायचं हँडल. ट्रॅक्टरला लागते तसल्या बॅटरीवर चालायची. खोक्यावर ‘ट्रोलिंग मोटर’ लिहिलेलं होतं. परदेशातले हौशी लोक म्हणे मासे बिचकू नयेत म्हणून असली बिनआवाजी मोटर लावतात. तिला पाच स्पीड होते. पाचव्यावर बॅटरी भराभर उतरायची. दुसऱ्यावर बराच वेळ टिकायची, पण मग काठावरून चालणारी म्हैस आपल्या पुढे जायची. दशरथ माझा खलाशी, म्हणजे सर्व्हेतला मदतनीस. तो या मोटरीला ‘गरीब गाय’ म्हणायचा.

शामराव आमचे गेज रीडर. पाण्याच्या काठाला पायऱ्यांवर आकडे रंगवलेली पट्टी असते. रोज सकाळी ती वाचून पाण्याची पातळी कळवायची, ही त्यांची ड्यूटी. पावसाळा संपता संपता शेवाळलेल्या पायरीवरून ते घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. हाड जुळेना म्हणून नागपूरला नेऊन पुन्हा बसवलं, पुन्हा प्लास्टर केलं. तेव्हापासून बिचारे क्वार्टरच्या ओसरीत बाजेवर पडून होते.

त्यांची एकुलती एक मुलगी प्रमिला. तिचं लग्न आधीच ठरलेलं होतं. मुलगा तिगावला रेल्वेत गँगमन, घर जलाशयाच्या पलीकडच्या गावात. आमच्या भागात पुष्कळदा लग्न मुलाच्या दारी लागतं, तसं इथंही ठरलेलं. लग्न रविवारचं, मुलाची रजा मंजूर झालेली. लग्न पुढं ढकला असं प्रमिलाच म्हणत होती, पण शामरावांनी तिला दटावलं. पलीकडे जायला रस्ता म्हणजे जलाशयाला वळसा घालणारी दगडांची वाट. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, बैलगाडी नाही, जीप नाही, एक धक्का बसला तर हाड पुन्हा सरकेल. म्हणून बायको आणि मुलगी नातेवाइकांबरोबर आदल्या दिवशी पुढं जाणार आणि शामराव मागं राहणार, असं ठरून गेलं होतं.

त्याच सुमारास मी क्वार्टरवर गेलो होतो. शामरावांनी मला विचारलं, “साहेब, तिकडला भोंगा इथंवर आयकू येते का?”

“कसला भोंगा?”

“लग्नाचा. वारा इकडचा असन तं येईन ना? वंदना झाली का मले समजन, लगन लागलं म्हणून.”

मला रागच आला. कुणाचा, ते अजूनही सांगता येत नाही. “भोंगा ऐकून लग्न लावतात का कुठं पोरीचं?” एवढं बोलून मी तडक सौंसरला माझे वरिष्ठ एसडीओ साहेब यांच्या खोलीत गेलो.

साहेब बैतूलकडचे, हिंदीत मराठी कालवून बोलायचे. मी सांगितलं ते त्यांनी चष्मा पुसत ऐकलं.

“सरकारी बोट में बारात? बिल्कुल नाही.”

“वरात नाही सर. एकच माणूस.”

“एक हो या दस. प्रायव्हेट काम आहे.”

मी उठलो. दारापर्यंत गेलो तेव्हा मागून आवाज आला.

“सर्व्हे की कौनसी लाइन बाकी आहे?”

“धरणाकडून पलीकडच्या गावाची, सर.”

“तो फिर करो ना. इतवार को कर लो. बोटीत गेज रीडर बसला तर माझी काय हरकत? स्टाफ है.”

“सर, तो मेडिकल लीव्हवर आहे.”

“तुम इंजिनियर हो या वकील?” साहेब म्हणाले आणि फाइलमध्ये डोकं घातलं.

माझं घर पांढुर्ण्याचं, संत्र्याच्या बागायतदारांचं. आमच्याकडे लग्न म्हटलं की पहिला प्रश्न मुहूर्ताचा. तोच मी शामरावांना विचारला, कारण मोटरचा हिशेब त्यावर बांधायचा होता.

“मुहूर्त कितीचा आहे?”

शामरावांना हसू आलं. “आमच्यात मुहूर्त नसते साहेब. बाबासाहेबांनं तो घोर काढून टाकला. माणसं जमले का लगन.”

मला तेवढंच हायसं वाटलं. तरी सकाळी लवकर निघायचं ठरवलं, कारण उन्हाळ्यात जलाशयावर सकाळी वारा पडलेला असतो आणि ऊन चढलं की उठतो. ही बोट हलकी, पाण्यात बुडते कमी आणि वर राहते जास्त. वारा तिला पतंगासारखी ढकलतो. दोन बॅटऱ्या पांढुर्ण्याहून चार्ज करून आणल्या. एक आमची, दुसरी ओळखीच्या ट्रॅक्टरमधली. ट्रॅक्टरची बॅटरी इंजिनला एकदा जोराचा झटका द्यायला बनवलेली असते, तासन्‌तास मोटर ओढायला नव्हे. पण दुसरी मिळाली नाही.

बाजेचे पाय काढले, क्वार्टरपासूनच्या सपाट वाटेनं चौघांनी ती शामरावांसकट अलगद बोटीपर्यंत आणली आणि फळ्यांवर दोरानं बांधली. बॅटऱ्या मध्ये ठेवल्या. मागं ठेवल्या तर बोटीचं नाक वर उठतं आणि वाऱ्याला आयतंच सापडतं. सगळी तयारी झाली आणि शामराव म्हणाले, दाढी करायची आहे.

“पलीकडे गेल्यावर करू.”

“असं तोंड घिऊन व्याह्यापुढं जाऊ का साहेब?”

न्हावी यायला उशीर झाला. मग पांढरा पायजमा प्लास्टरवर चढेना. शेवटी दशरथनं पांढरं धोतर त्यांच्या पायाभोवती गुंडाळलं, कडेनं नीट खोचलं, आणि दोन पावलं मागं होऊन पाहिलं. “आता नवरदेवापेक्षा तुमीच चांगले दिसून राह्यले, मामा,” तो म्हणाला. शामराव खरंच देखणे दिसत होते. मी घड्याळाकडे पाहणं सोडून दिलं.

आम्ही दुसऱ्या स्पीडवर निघालो. साहेबांना शब्द दिला होता म्हणून साउंडिंग घेत होतो. दशरथ दोरी सोडायचा, आकडा ओरडायचा, मी लिहायचो. आणि बाजेवरून शामराव सवयीनं तोच आकडा पुन्हा म्हणायचे. इतकी वर्षं त्यांनी या पाण्याची उंची काठावरून वाचली होती. पाण्यावर ते आज पहिल्यांदा आले होते.

“मधात इतकं खोल हाय?” त्यांनी विचारलं.

“तुमच्या पट्टीवर फक्त वरचं दिसतं, शामराव.”

“हाव ना. मले वाटे मले सारं मालूम हाय.” मग ते बराच वेळ आभाळाकडे पाहत राहिले. पलीकडून भोंग्यावरचं गाणं आता स्वच्छ ऐकू यायला लागलं होतं. त्यांचा हात बाजेच्या काठावर ताल धरून होता.

निम्मं पाणी कापलं आणि वारा उठला. समोरून, जरा तिरपा. मी दोरी गुंडाळायला लावली, स्पीड तीन केला, मग चार. बोट जागच्या जागी. पाचवर टाकली तशी सरकली, पण जरा तिरकी झाली की वारा तिला आडवी लोटायचा. पहिली बॅटरी दमली. दुसरी जोडली. दशरथ वल्हं मारून मारून घामानं निथळला. गाव डोळ्यांसमोर दिसत होतं, पांढऱ्या कपड्यांतली माणसं दिसत होती, आणि आम्ही हळूहळू त्याच्यापासून लांब चाललो होतो.

आता खरं बोलणं भाग होतं. “शामराव, गावाच्या घाटाला लागता येणार नाही. वाऱ्याशी भांडत बसलो तर ही बॅटरीही जाईल आणि मग बोट कुठं लागेल ते माझ्या हातात राहणार नाही. खाली वाऱ्याच्या दिशेला त्याच काठाचं दगडांचं टेकाड पाण्यात शिरलंय, तिथं लावतो.”

“तिथून गाव?”

“लांब आहे. दगडच दगड आहेत.”

मी स्पीड पुन्हा दोनवर आणला, वाऱ्याला बोट ढकलू दिली आणि मोटर फक्त दिशा धरायला वापरली. ती तेवढं काम मात्र इमानानं करत होती.

आणि भोंगा बंद झाला.

शामरावांनी मान उचलायचा प्रयत्न केला. “बंद झाला,” ते म्हणाले. “लगन लागलं वाट्टे.”

दशरथ उगाच दोरी सोडवत बसला. शामरावांनी तोंड पाण्याकडे फिरवलं. “लागू द्या,” ते म्हणाले. “किती वेळ थांबन कोनी? तुमी लय केलं साहेब.” त्यांचा आवाज साधाच होता. तो तसा साधा होता म्हणूनच मला जास्त लागला.

टेकाड जवळ आलं तेव्हा दशरथनं माझा खांदा धरला. काठाकाठानं, दगडांवरून, माणसं येत होती. सगळ्यांत पुढं पांढऱ्या साडीत एक मुलगी, चपला हातात घेतलेली, पळत. तिच्या मागं पांढऱ्या कपड्यांतला मुलगा, तिला सांभाळून जा म्हणून ओरडणारा. त्यांच्या मागं बाया, म्हातारे, अख्खं लग्न. भोंगा बंद झाला होता, कारण मांडवात ऐकायला कुणी उरलंच नव्हतं.

बोट दगडाला लागली तेव्हा प्रमिला गुडघाभर पाण्यात उभी होती.

“बाबा, तुमी भलतीकडं कुठं जाऊन राह्यले होते?” ती हसत रडत होती.

“साहेबायले इचार,” शामराव म्हणाले. “मी तं पडून होतो.”

मी काठाचा चढ पाहिला. सुटे दगड, तिरपा उतार. चार माणसांनी बाज उचलली तर ती तिरकी होणारच, आणि कुणाचा पाय सरकला तर संपलंच. मी तसं सांगितलं. मुलाचे वडील, थोडीशी शेती असलेले, धाप टाकत पुढं आले. त्यांनी बाजेकडे पाहिलं, मग आपल्या माणसांकडे.

“त्यायले कायले हालवता? लगन इथंच लावू.”

आणि दोन माणसं मांडवातले फोटो आणि हार आणायला मागं वळलीसुद्धा.

मी आमच्याकडची बरीच लग्नं पाहिली आहेत. एक वस्तू विसरली की अर्धा तास ओरडा. इथं बोटीतलं मोटरचं रिकामं खोकं उलटं ठेवलं, त्यावर पांढरं कापड घातलं, त्यावर तथागतांचा आणि बाबासाहेबांचा फोटो ठेवला आणि झालं. मेणबत्ती वाऱ्यात राहीना, तेव्हा बायांनी भोवती पदर धरले. लग्न लावणारे बौद्धाचार्य खडकावर उभे राहिले. बोटीचं पुढचं टोक दगडांवर, मागचं पाण्यात. बाज हलू नये म्हणून मी आणि दशरथ पाण्यात उभे राहून दोन बाजूंनी नळे धरून होतो. त्रिशरण, पंचशील सुरू झालं. शामरावांनी पडल्या पडल्या हात जोडले. त्यांचा आवाज सगळ्यांच्या आवाजात असा मिसळला की कोण उभं आणि कोण आडवं हे कळू नये.

दोघांनी एकमेकांना हार घातले. फुलं उधळली, त्यातली निम्मी वाऱ्यानं आमच्याकडे पाण्यात आणली. प्रमिला बाजेपाशी वाकली.

“अशी उनाकडं नोको उभी राहू,” शामराव म्हणाले. “इकडं ये. मले तुहं तोंड दिसून नाही राह्यलं.”

ती वळसा घालून दुसऱ्या बाजूला आली. त्यांनी तिच्या तोंडावरून हात फिरवला, पोरगी लहान असताना फिरवतात तसा, कपाळापासून हनुवटीपर्यंत. त्या वेळी माझे पाय पाण्यात थंड पडले होते आणि डोळे भरले होते, हे दशरथनं नंतर ऑफिसभर सांगितलं. मी नाकारलं नाही.

संध्याकाळी वारा पडल्यावर आम्ही वल्ही मारत परत आलो. हाड सरकलं नव्हतं. काही महिन्यांनी शामराव काठी घेऊन चालू लागले. एसडीओ साहेबांनी सर्व्हेचा नकाशा पाहिला. आमची लाइन निम्म्यापर्यंत सरळ होती आणि तिथंच थांबली होती.

“आगे का काय झालं?”

“हवा, सर.”

“हूं,” ते म्हणाले. “अगले इतवार को पूरी कर लेना.”

पुढं नोकरीत जे जे नवे सबइंजिनियर हाताखाली आले, त्यांना मी सांगत आलो की रबरी बोट आणि छोटी मोटर असेल तर जाताना वाऱ्यासमोर जा, म्हणजे दमलेली बॅटरी घेऊन येताना वारा पाठीशी राहील. नियम बरोबर आहे. त्या दिवशी आम्ही तो पाळला होता आणि तरीही पोहोचलो नव्हतो. शामरावांना लग्नाला पोहोचवलं ते मोटरनं नाही, मीही नाही. पलीकडची माणसं दगडांवरून चालत आली, म्हणून ते पोहोचले.