‘परदेशी’वर मारलेली रेघ

बेळगावातल्या सभागृहाच्या दारावर लघुपटांची यादी डकवली होती. आफ्रिकेतून जगभर विखुरलेल्या माणसांवरच्या लघुपटांचा दोन दिवसांचा महोत्सव होता. माझ्यापुढच्या बाईने पर्समधून पेन काढलं, एका नावापुढचा ‘परदेशी’ हा शब्द खोडला आणि वर ‘हल्याळ’ लिहिलं. हल्याळ इथून दोनेक तासांवर. लघुपट तिचाच होता. ती सिद्दी, तिच्या पूर्वजांना कित्येक पिढ्यांपूर्वी आफ्रिकेतून इकडे आणलेलं.

“आम्ही हल्याळचे की,” ती मला म्हणाली. “परदेश कुठला आला मधेच?”

तिच्या लघुपटात तिची आई जुन्या साड्यांची गोधडी शिवते आणि शेवटी चारही कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची फुलं लावते. फुलांवाचून गोधडी उघडी दिसते, असं त्यांच्यात मानतात. बाकीच्या लघुपटांतली माणसं लंडनात जन्मलेली, पॅरिसात वाढलेली. पण प्रत्येकाला कुणीतरी विचारतंच, मूळचे कुठले? उत्तर त्यांच्याकडे असतं. विचारणाऱ्याला ते पुरत नाही. मग तेच पुन्हा सांगायचं, उसवलं तिथे पुन्हा टाका घालावा तसं.

दुसऱ्या दिवशी दारावर नवी यादी होती, तिच्या नावापुढे पुन्हा ‘परदेशी’च. आयोजकांना एक शब्द काही सुधारता आला नव्हता. ती आली, तिने वाचलं, पेन काढलं. वाऱ्याने कागद फडफडत होता, म्हणून मी पुढे होऊन तो दोन्ही हातांनी दाबून धरला.

“घट्ट धरा,” ती म्हणाली. “आज मोठ्या अक्षरात लिहिते.”