गजेंद्रने झाकलेली सुई

परराज्यातल्या कापडाच्या शहरात, बमरोली भागात, लूमच्या कारखान्यामागे धुडकूचं बिऱ्हाड होतं. माणसं मूळची धुळ्याकडची. धुडकू लूमवर, त्याची बायको धुरपदाबाई घरी साड्यांना लेस लावायची, आणि मुलगा गजेंद्र कॉम्प्युटर शिकून त्याच शहरातल्या पर्वत पाटिया भागात एका शेठच्या ऑफिसात लागलेला. दवाखान्यातलं मशीन माणसाच्या आतले फोटो काढतं ना, ते पडद्यावर दाखवायचा प्रोग्राम तिथे बनायचा. कातडी झाक, हाडं दाखव. कशाच्या मागे काय दडलंय ते हुडकायचं आणि डॉक्टरला हवं तेवढंच उघडं ठेवायचं, हे गजेंद्रचं काम. हे म्हणजे लुगड्याच्या घड्या उलगडण्यासारखंच, आणि त्याचाही पगार मिळतो, याची चाळीतल्या बायांना मोठी गंमत वाटायची.

अडचण एकच. आपल्या बाया मशीनखाली झोपतील, पण नवरा जिवंत असताना मंगळसूत्र उतरवणार नाहीत. ते सोनं पडद्यावर पांढरंफटक पडायचं, डॉक्टर वैतागायचे. मग गजेंद्रनेच युक्ती काढली. गळ्यापाशी धातूचं बारीक काही दिसलं की प्रोग्रामने आपणहून ते झाकून टाकायचं. फोटो कसे धुतल्यासारखे निघाले. शेठने खुशीत घारीची मिठाई वाटली.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात धुरपदाबाईच्या गळ्यात टोचायला लागलं. घास उतरेना, भाकरी चहात बुडवून खायची. गजेंद्रने ओळखीच्या दवाखान्यात स्कॅन करवला. मंगळसूत्र तिनेही काढलं नाही. डॉक्टर म्हणाले, गळा साफ आहे, वयाचं दुखणं. गजेंद्रनेही तेच सांगितलं.

"माय, फोटूमा काहीच नही शे."

त्यानंतर तिने दुखण्याचं नावच काढलं नाही. सगळ्यांना वाटलं, बरी झाली. अंग मात्र निम्मं झालं.

एका सकाळी गजेंद्र चहा पीत होता. समोर आई लेस लावत बसलेली. दोरा संपला तशी तिने सुई दातांत धरली आणि रीळ शोधू लागली. शोधता शोधता, सुई दातांत तशीच, तिला डुलकी लागली. गजेंद्र बघत राहिला. मग कप तसाच ठेवून उठला, ऑफिसात गेला, आईचा फोटो उघडला आणि आपलं झाकण काढलं. काळे मणी पुसट, पण वाट्या दिसल्या, तार दिसली. आणि त्यांच्या मागे, गळ्याच्या आत, एक सरळ रेघ. शेजारच्या टेबलावरच्याने काय आहे विचारलं तेव्हा म्हणाला, सुई आहे.

डॉक्टरांनी सुई काढली. गजेंद्रने प्रोग्राम बदलला. आता आधी सगळं दिसायचं, काय झाकायचं ते डॉक्टरने सांगायचं. शेठ कुरकुरला, गिऱ्हाईक जाईल म्हणाला. गजेंद्रने मान हलवली आणि तसंच ठेवलं.

झाकलेला आणि उघडा, दोन्ही फोटो त्याने घरी नेऊन आईपुढे मांडले आणि काय झालं ते सांगितलं. सुईकडे तिने बघितलंही नाही. मोकळ्या गळ्याच्या फोटोवर बोट ठेवलं.

"मन्हं मंगळसूत्र तू पुसी टाकं व्हतं का रे, गजू? तुन्हा बाप समोर बठेल शे ना."

धुडकू खाली मान घालून जेवत होता. पुसलं नव्हतं, नुसतं झाकलं होतं, असं गजेंद्र म्हणाला. तिला ते पटलं नाही. तोंड फिरवून तिने भाकरीचा कोरडा तुकडा मोडला, चावला, गिळला. गजेंद्र तिच्या गळ्याकडे बघत बसला.